नगेट्स खा, पण हौस म्हणून!

लासूर स्टेशनहून संभाजीनगरला कॉलेज, संध्याकाळी जिम आणि मग नगेट्स. ‘चिकनच आहे ना, प्रोटीन मिळतं!’ मिळतं की, पण किती? १०० ग्रॅम कच्च्या चिकन ब्रेस्टमध्ये साधारण २२ ग्रॅम प्रोटीन असतं. नगेट्समध्ये त्याहून बरंच कमी, कारण वजनात मैदा, ब्रेडचा चुरा आणि तेलही मोजलं जातं. वर मीठ वेगळंच. पाकीट उलटं करून वाचा. जो घटक जास्त, तो यादीत आधी.

त्यापेक्षा घरीच करा ना! बोनलेस तुकड्यांना दही, आलं-लसूण, हळद, तिखट लावा. अंड्यात बुडवा, चुऱ्यात घोळवा आणि तव्यावर थोड्या तेलात आतपर्यंत नीट शिजवा. पैसे चिकनचे देतो, तर पोटातही चिकनच जाऊ दे!