विमान मोडले, पण समाजवाद कोठे होता?

शस्त्रास्त्रांची एखादी मोठी योजना रद्द झाली की आपल्यापैकी अनेक साथींना समाधान वाटते. तोफांवरचा पैसा वाचला, आता तो भाकरीकडे वळेल, असे आपण गृहीत धरतो. हे गृहीत किती भाबडे आहे ते समजून घ्यायचे असेल, तर ब्रिटनच्या मजूर सरकारने १९६५ साली रद्द केलेल्या ‘टीएसआर-२’ या विमानाची हकीकत प्रत्येक कार्यकर्त्याने ध्यानात घेतली पाहिजे.

हे दोन इंजिनांचे टेहळणी व बाँबफेकी विमान ‘कॅनबेरा’ विमानांची जागा घेण्यासाठी योजले होते. भारतीय हवाई दलाच्या कॅनबेरांनी डिसेंबर १९६१ मध्ये दाबोळीच्या धावपट्टीवर बाँब टाकले होते. त्यामुळे गोवामुक्तीचा इतिहास जाणणाऱ्यांना हे नाव अपरिचित नाही. शत्रूचे रडार चुकवीत जमिनीपासून अवघ्या २०० फुटांवरून जाणे, उंचीवर ध्वनीच्या दुप्पट वेग गाठणे आणि प्रसंगी अण्वस्त्र टाकणे, ही सर्व कामे एकाच विमानाने करावीत अशी अपेक्षा होती. हुजूर पक्षाच्या सरकारने १९५९ साली हे काम सोपविले. अपेक्षा वाढत गेल्या, तसा खर्चही फुगत गेला. पहिले उड्डाण २७ सप्टेंबर १९६४ रोजी झाले. एकाच विमानाची एकूण २४ उड्डाणे झाली. पुढे ६ एप्रिल १९६५ रोजी अर्थमंत्री जेम्स कॅलाहन यांनी अंदाजपत्रक मांडतानाच योजना बंद केल्याचे जाहीर केले.

या घटनेचे दोन अर्थ आजवर सांगितले जातात. समाजवाद्यांनी द्वेषापोटी देशाचे सर्वोत्तम विमान मारले, असे उजवे म्हणतात. मजूर पक्षाने बाँबऐवजी भाकरी निवडली, असे आपल्यातले काहीजण म्हणतात. माझ्या मते दोन्ही अर्थ खोटे आहेत.

अर्थशास्त्राच्या पहिल्याच वर्गात ‘तोफा की लोणी’ हा प्रश्न मी वर्षानुवर्षे फळ्यावर मांडला. एक वस्तू घेताना कोणती दुसरी सोडावी लागते, हे त्यातून विद्यार्थ्याला कळते. पण मजूर सरकारपुढे हा प्रश्न खरोखर होता काय? विल्सन सरकार सत्तेवर आले तेव्हा परदेशी देवघेवीत सुमारे ८० कोटी पौंडांची तूट होती, हे मान्य केलेच पाहिजे. संपूर्ण योजनेचा अंदाज ७५ कोटी पौंडांच्या घरात गेला होता, हेही खरे. परंतु विमान मोडल्यावर या सरकारने लोणी घेतले नाही. त्याने अमेरिकेच्या ‘एफ-१११’ विमानांवर हक्क राखून ठेवला आणि नंतर अशा ५० विमानांची खरेदी ठरविली. सुएझच्या पूर्वेकडे लष्करी पहारा ठेवण्याचे जुने साम्राज्यवादी धोरण जसेच्या तसे राहिले. तोफेच्या जागी तोफच आली, फक्त दुकानदार बदलला. आणि नव्या दुकानदाराला दाम डॉलरमध्ये मोजायचे होते!

शेवट आणखी बोधप्रद आहे. नोव्हेंबर १९६७ मध्ये पौंडाचे अवमूल्यन झाले आणि १६ जानेवारी १९६८ रोजी ‘एफ-१११’चीही खरेदी रद्द झाली. त्याच दिवशी, त्याच निवेदनात, याच सरकारने रुग्णांच्या औषधचिठ्ठीवरचा आकार पुन्हा लादला आणि माध्यमिक शाळांतील मुलांचे मोफत दूध बंद केले. म्हणजे अखेरीस ना विमान राहिले, ना लोणी, ना दूध.

आता कामगारांकडे वळू. जानेवारी १९६५ मध्येच विमान कारखान्यांतील हजारो कामगार लंडनच्या रस्त्यांवर उतरले होते. आपल्याच पक्षाच्या सरकारला ते म्हणत होते, हे विमान रद्द करू नका. कामगार अण्वस्त्रवाहू विमानासाठी मोर्चा काढतो, हे पाहून त्याला प्रतिगामी ठरविणे सोपे आहे. परंतु त्याच्यापुढे सरकारने दुसरे कोणते काम ठेवले होते? विमान जोडण्याचे सांगाडे कापून भंगारात गेले. त्या हातांतील कौशल्याचे काय करायचे याची योजना मात्र नव्हती. एका बाजूला बाँब आणि दुसऱ्या बाजूला बेकारी असेल, तर पोटासाठी कामगार बाँबच्या बाजूला उभा राहील. हा दोष कामगाराचा नव्हे. ज्यांनी त्याला तिसरी वाट दाखविली नाही त्यांचा आहे.

ती वाट पुढे कामगारांनीच शोधली. ल्युकस एरोस्पेस या विमानांचे सुटे भाग करणाऱ्या कंपनीतील कामगार प्रतिनिधींनी जानेवारी १९७६ मध्ये पर्यायी उत्पादनाचा आराखडा मांडला. त्यात सुमारे १५० वस्तू होत्या: मूत्रपिंडाच्या रोग्यांसाठी रक्तशुद्धीची यंत्रे, रस्त्यावर व रुळांवर दोन्हीकडे चालणारे वाहन, अपंग मुलांसाठी गाडी. तेच कारागीर, तीच यंत्रे, पण उत्पादन समाजाच्या गरजेचे! मालकांनी आराखडा फेटाळला. मजूर सरकारने बळ दिले नाही. त्या वर्षीच्या एप्रिलपासून पंतप्रधानपदी होते जेम्स कॅलाहन. अकरा वर्षांपूर्वी विमान मोडणारा हात, त्याच कारागिरांनी समाजोपयोगी उत्पादन मागितले तेव्हा पुढे आला नाही.

म्हणून माझे आग्रहाचे सांगणे आहे. शस्त्रखर्चाला विरोध आपण केलाच पाहिजे. पण ‘हे बंद करा’ एवढीच घोषणा घेऊन खडकीच्या, अंबरनाथच्या वा ओझरच्या कारखान्याच्या फाटकाशी जाल, तर तेथील कामगार तुमच्याकडे पाठ फिरवील, आणि त्याचे चुकणार नाही. त्या यंत्रांवर दुसरे काय बनेल, कोणासाठी बनेल, वाचलेला पैसा कोणत्या शाळेत व कोणत्या दवाखान्यात जाईल, याचा आराखडा त्या कामगारांसोबत बसून तयार करा आणि मग फाटकाशी जा. आराखड्याशिवाय केलेली काटकसर ही केवळ कारकुनी होय. तिला समाजवादाचे नाव देऊ नका.