पाय दाखवा, पाय!

नाचाचा सिनेमा पाहायला बसलो, की मी आधी पडद्यावर पाय शोधतो. नायिकेचा चेहरा सुरेख असतो, कबूल. ओढणी वाऱ्यावर उडते, मागे पन्नास पोरेपोरी एका दमात कवायत करतात, दिव्यांची उघडझाप चालते. सारे असते, फक्त पाय नसतात! गवयाची बैठक भरवावी आणि ऐन रंगात त्याच्या तोंडावर हात धरावा, तसा हा प्रकार. घरची मंडळी माझ्या या तक्रारीला कंटाळली आहेत. तेव्हा दिवाळीच्या निमित्ताने ती आपल्यापुढे मांडतो. चकली खाता खाता ऐकून घ्या.

मला बॉलरूम नाचाचा नाद आहे म्हटले, की लोक जरा निरखून पाहतात. गाव नरखेड, मुलूख संत्र्यांचा, आणि हा गृहस्थ वॉल्ट्झच्या गोष्टी करतो! पण यात नवल काही नाही. नोकरी रेल्वेतली. काही वर्षे भुसावळला काढली. तिथे अँग्लो-इंडियन ड्रायव्हर आणि गार्ड मंडळींच्या घरी नाताळात नाच चाले. त्यांनीच मला आणि आमच्या सौभाग्यवतींना पावले शिकवली. निवृत्त होऊन गावी आलो, तेव्हा ट्रंकांबरोबर ती पावलेही आली. बातमी फुटायला वेळ लागला नाही. एका शेजाऱ्याने विचारलेच, "काहून जी, घरी बायकोले धरून नाचता म्हनते?" मी म्हटले, "आपल्याच बायकोले धरतो ना जी, मंग?"

बॉलरूम म्हणजे साहेबी चाळा, असा आपल्याकडे समज आहे. पण मंगळागौरीची फुगडी आठवा. दोघींनी हात तिढा घालून धरायचे, पावलाला पाऊल भिडवायचे, अंग मागे झोकून द्यायचे आणि गरगर फिरायचे. एकीने हात सोडला की दोघी पडल्या! वॉल्ट्झची गोष्टही तीच. एक-दोन-तीन, एक-दोन-तीन असा तीन मात्रांचा ठेका. पुरुषाचे डावे पाऊल पुढे पडले, की बाईचे उजवे मागे जाते. पुढे येणाऱ्याला वाट दिसते. मागे जाणारीला दिसत नाही. ती त्याच्या हाताच्या भरवशावर पाऊल टाकते. म्हणून जबाबदारी पुढे येणाऱ्याची मोठी. नाचाचा सिनेमा मी याच कसोटीवर घासून पाहतो. दोघांचे एकमेकांकडे लक्ष आहे, की दोघांचेही लक्ष कॅमेऱ्याकडे?

ही कसोटी सर्वांत चोख उतरते ती फ्रेड अस्टेअर आणि जिंजर रॉजर्स यांच्या जुन्या बोलपटांत. 'टॉप हॅट' (१९३५) पाहा, 'स्विंग टाइम' (१९३६) पाहा. अस्टेअरचा आग्रह असे, की नाचणारा डोक्यापासून पायापर्यंत दिसला पाहिजे आणि मधे काटछाट होईल तितकी कमी हवी. 'स्विंग टाइम'मधल्या शेवटच्या नाचाचे चित्रण चाळीसहून अधिक वेळा करावे लागले आणि जिंजरबाईंच्या पायांतून रक्त आले, असे सांगतात. पडद्यावर मात्र दोघे दिवाणखान्यात सहज फेरी मारून आल्यासारखी वाटतात. आजकाल दर दोन सेकंदांना चित्र बदलते. नाचणाऱ्यापेक्षा कात्रीच जास्त नाचते!

आपल्याकडे पाय दाखवणारे कोणी नव्हतेच असे नाही. शांतारामबापूंचा 'झनक झनक पायल बाजे' (१९५५) घ्या. गोपीकृष्णांच्या पायांसमोर माझी तक्रार गपगार होते. मात्र त्या कथेत गुरूला प्रेम म्हणजे नृत्यातले विघ्न वाटते. आम्हा बॉलरूमवाल्यांचे शास्त्र उलटे: जोडीदाराविषयी माया नसेल, तर पाऊल चुकलेच म्हणून समजा.

हिंदी चित्रपटातला बॉलरूम मात्र पाहवत नाही. तिथे पार्टी असते, नायक पियानोवर बसून दुःख गातो, नायिका डोळे टिपते आणि मागे भाड्याने आणलेली जोडपी छताच्या पंख्यासारखी गोल गोल फिरत राहतात. पियानोवाल्या नायकाचे दुःख आपल्याला ठाऊक असते. त्या फिरणाऱ्यांचे कोणी विचारत नाही.

याला अपवाद आपल्या भगवानदादांचा. 'अलबेला' (१९५१) त्यांनीच काढला, त्यांनीच दिग्दर्शित केला आणि नायकही तेच झाले. गिरणी कामगाराचा हा मुलगा. अंगाने गोल, उंचीने बेताचा. शेजारी गीताबाली, पाठीशी सी. रामचंद्रांचे संगीत आणि त्यात चिक चॉकलेट या गोव्याच्या वादकाची तुतारी. भगवानदादांची पावले किती सोपी! गुडघे थोडे वाकवायचे, हात हलके झुलवायचे आणि जागच्या जागी डोलत सरकायचे. पण गीताबाली आणि ते एकमेकांकडे पाहून हसतात, तेव्हा पडदा उजळतो. हे आपल्यालाही जमेल, असे वाटायला लावणारा नाच मी मोठा मानतो. वरातीत अजून लोक तसेच नाचतात, ते उगाच नव्हे.

आता माझ्या सर्वांत आवडत्या सिनेमाकडे येतो. तो जपानी आहे: 'शाल वी डान्स', १९९६ चा, मासायुकी सुओ यांचा. हिशेबनीस गृहस्थ. नोकरी पक्की, कर्ज काढून घर घेतलेले, बायको आणि मुलगी गुणी. तरी मन कशात नाही. रोज गाडीने घरी जाताना त्याला एका नृत्यशाळेच्या खिडकीत उभी असलेली बाई दिसते. एके दिवशी तो उतरतो आणि नाच शिकू लागतो, तोही घरी न सांगता! कारण तिकडेही नवरा-बायकोने चारचौघांत हात धरणे लाजिरवाणे. बायकोला संशय येतो, ती गुप्तहेर लावते. पुढचे सांगत नाही. पण शेवटाकडे मुलीच्या आग्रहाखातर तो घराच्या अंगणात बायकोला पावले शिकवतो, ते पाहताना आमच्या सौभाग्यवतींनी पदर डोळ्यांना लावला. २००४ साली अमेरिकनांनी याच कथेवर आपला चित्रपट काढला. त्यात रिचर्ड गेअर झकपक पोशाखात, हातात गुलाब घेऊन सरकत्या जिन्यावरून बायकोपुढे येतो. छान आहे. पण मला ते अंगणच जवळचे वाटते. सरकता जिना आमच्याकडे नाही, अंगण आहे.

खरे सांगायचे तर ही कथा आमच्या नरखेडचीही होऊ शकते. दिल्ली-चेन्नई मार्गावरचे आमचे स्टेशन. गाड्या सारख्या धावत असतात. त्यांतून पोरे शिकायला नागपूरला जातात, नोकरीला पुण्या-बंगळूरला जातात, आणि घरात दोघेच उरतात. संध्याकाळी बोलायचे काय? आंबिया बहाराला भाव काय मिळाला, पोराचा फोन आला का, गोळी घेतली का. संपले! बाजारात पाहा: गृहस्थ पुढे, आणि दहा पावले मागे पिशवी घेतलेली बाई. तो वळूनही पाहत नाही. वॉल्ट्झमध्ये पुढे येणाऱ्याला ही मुभा नाही. तिचे तोंड त्याच्याकडेच असते!

ज्यांना हे सारे फार परके वाटते त्यांना आठवण देतो, की आपणही एकदा जोडीने पावले मोजलेली आहेत. सप्तपदी म्हणतात तिला. सात पावले झाली आणि मग पुढची तीस-चाळीस वर्षे मोजायला कोणाला सवड झाली नाही.

तेव्हा भाऊबीज आटोपून पाहुणे गेले, की हे सिनेमे एकेक करून पाहा. तोंडे पाहू नका, पाय पाहा. मग टेबल भिंतीला लावा, सतरंजी गुंडाळा आणि एक-दोन-तीन म्हणा. सूनबाई हसतील, हसू द्या. शेजारी विचारतील, सांगा. मला विचारणारे ते शेजारी परवा संध्याकाळी फाटकाशी उभे होते. इकडेतिकडे पाहून हळूच म्हणाले, "जी, ते पयले पाऊल कोनतं म्हनलं होतं? डावं का उजवं?"

डावे, मंडळी. आणि सावकाश.