‘रेज बेट’, ‘ब्रेन रॉट’, ‘पर्माक्रायसिस’... इंग्रजीतला ‘वर्षाचा शब्द’ इतका उदास का?

२०१५ साली ऑक्सफर्डने वर्षाचा शब्द म्हणून चक्क एक इमोजी निवडला होता. हसून हसून डोळ्यांत पाणी आलेला चेहरा. पुढे मात्र हे हसू आटलं. २०१६ ला ‘पोस्ट-ट्रूथ’, २०१८ ला ‘टॉक्सिक’, २०१९ ला ‘क्लायमेट इमर्जन्सी’, २०२४ ला ‘ब्रेन रॉट’ आणि २०२५ ला ‘रेज बेट’, म्हणजे तुम्ही चिडावं म्हणूनच टाकलेली पोस्ट. मध्येच २०२३ ला ‘रिझ’ येऊन गेला, तेवढाच काय तो विरंगुळा.

हे शब्द ठरतात कसे? कोशकार प्रचंड मोठ्या मजकूर-साठ्यात कोणता शब्द अचानक वाढला ते बघतात. ‘ब्रेन रॉट’चा वापर वर्षभरात २३० टक्क्यांनी वाढल्याचं ऑक्सफर्डने सांगितलं होतं. त्यातून यादी होते आणि लोकांची मतंही घेतली जातात. अर्थात, कोशाची जाहिरातही होते, आणि उदास शब्दाची बातमी लवकर पसरते हे कोशवाल्यांनाही कळतं.

खरा प्रश्न ‘पर्माक्रायसिस’ने उभा केला. कधीच न संपणारं संकट, असा त्याचा अर्थ. कॉलिन्सने तो २०२२ मध्ये निवडला, त्या वर्षी ब्रिटनने तीन पंतप्रधान पाहिले. पण त्या सप्टेंबरमध्ये लिझ ट्रस सरकारने पैशांची सोय न सांगताच ४५ अब्ज पौंडांची करकपात जाहीर केली होती. पौंड घसरला, घरकर्जाचे व्याजदर भडकले. हा एका सरकारचा निर्णय होता. ‘पर्माक्रायसिस’ म्हटलं की तोच निर्णय हवामानासारखा वाटू लागतो: आला पाऊस, करणार काय?

मराठी हेडलाइनही यात मागे नाही. ‘महागाईचं सावट’, ‘टंचाईचं सावट’ आपण रोज वाचतो. सावट म्हणजे सावली. ती कोणाची, हे बातमीत बहुतेक वेळा शोधावंच लागतं.

‘डूम’ची गोष्ट तर उलटीच आहे. आज सर्वनाश असा अर्थ असलेला हा शब्द जुन्या इंग्रजीत कायदा किंवा निवाडा या अर्थाने वापरला जायचा. १०८६ च्या जमीन-मोजणीच्या नोंदवहीला लोकांनी ‘डूम्सडे बुक’ म्हटलं, कारण तिच्यातल्या नोंदीवर अपील नव्हतं. तिथे निवाडा देणारा कोणीतरी होता. ‘डूमस्क्रोलिंग’मध्ये आरोपी, न्यायाधीश, कोणीच दिसत नाही, फक्त अंगठा चालतो.

तरी या शब्दाने एक काम केलं. २०२० मध्ये ऑस्ट्रेलियाच्या मॅक्वारी कोशाने तो निवडला, तेव्हा जगभर लोक कोरोनाच्या बातम्या रात्र-रात्र चाळत होते. या सवयीला नाव मिळालं आणि ‘झोप लागत नाही’ऐवजी ‘फोन खाली ठेवता येत नाही’ असं लोक बोलू लागले.