शिक्षक घडविल्यावाचून समतेची शाळा कशी उभी राहणार?

हजेरीपटावर नाव चढले म्हणजे मूल शिकू लागले, असा सोयीस्कर समज आपल्या राज्यकर्त्यांनी करून घेतलेला आहे. वाचकहो, हा समज किती फसवा आहे हे तुम्हांला सांगावयास नको. कोपऱ्यात गोणपाटावर बसविलेल्या अस्पृश्य मुलाचेही नाव हजेरीपटावर होतेच! नाव आत आणि मूल बाहेर, हा न्याय आपल्या समाजाने पिढ्यान् पिढ्या भोगला. आज तोच न्याय अंध, कर्णबधिर व बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या वाट्यास आलेला आहे. त्यांना 'दिव्यांग' असे गोड नाव दिले गेले. परंतु 'हरिजन' या नावाने ज्यांची बेडी तुटली नाही, त्यांना नुसत्या नामांतराची किंमत पुरती ठाऊक आहे.

कायदा तोकडा आहे काय? मुळीच नाही. 2009 च्या कायद्याने 6 ते 14 वर्षांच्या प्रत्येक बालकास शिक्षणाचा हक्क दिला. 2016 च्या कायद्याने 21 प्रकारची अपंगत्वे मान्य केली आणि ब्रेल व खुणांची भाषा जाणणारे शिक्षक तयार करून नेमण्याचे कर्तव्य शासनावर टाकले. 2021 साली सर्वोच्च न्यायालयाने प्राथमिक वर्गांत अशा 10 मुलांमागे 1 विशेष शिक्षक असावा असे ठरवून दिले. तरीही 2025 च्या मार्चमध्ये त्याच न्यायालयास, पदे मंजूर करा, म्हणून राज्यांना पुन्हा बजवावे लागले. हक्क कागदावर आणि शिक्षक कोठेच नाही, याचा अर्थ दुसरा काय?

दोषाचे मूळ शिक्षकाच्या प्रशिक्षणातच आहे. बारावीनंतर दोन वर्षांची पदविका घेऊन प्राथमिक शिक्षक होता येते. विशेष शिक्षकाची पदविका निराळी आणि तिची नोंदणी 1992 च्या कायद्याने स्थापिलेल्या पुनर्वास परिषदेकडे. दोन वाटा, दोन दप्तरे! सामान्य शिक्षकास अपंग मूल भेटते ते प्रश्नपत्रिकेत. ज्याने ब्रेलच्या ठिपक्यांवर कधी बोट फिरविले नाही, त्याने अंध मुलास अक्षर कसे शिकवावे?

कोणी म्हणतील, 'त्यांच्यासाठी निराळ्या शाळा आहेतच.' निराळ्या शाळांचा अनुभव आम्हांस आहे! कर्णबधिर मुलास त्याच्या भाषेत शिकविणारी खास व्यवस्था हवी, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु ती व्यवस्था मुलाच्या गरजेसाठी असावी. शिक्षकाच्या अज्ञानावर पांघरूण घालण्यासाठी नसावी.

दुसरा प्रश्न, शिक्षक होणार कोण? 1882 साली हंटर आयोगापुढे महात्मा फुले यांनी प्राथमिक शिक्षक प्रशिक्षित असावेत, शक्यतो शेतकरी वर्गातून घ्यावेत आणि त्यांना पुरेसे वेतन द्यावे, अशी मागणी केली होती. आणि आज? महाराष्ट्रात पदविका व पात्रता परीक्षा पार केलेल्या तरुणास आरंभीची तीन वर्षे 'शिक्षण सेवक' म्हणून मानधनावर राबावे लागते. ते मानधन 2023 पर्यंत दरमहा 6,000 रुपये होते. त्या वर्षी ते 16,000 झाले. अपंग मुलांच्या विशेष शिक्षकांस तर वर्षानुवर्षे कंत्राटावरच ठेवण्यात आले. कर्ज काढून शिकलेल्या मजुराच्या मुलीने या धंद्यात का यावे?

म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे. प्रत्येक भावी प्राथमिक शिक्षकास अपंग मुलांना प्रत्यक्ष शिकविण्याचा पाठ सक्तीचा करा. विशेष शिक्षकांची पदे कायम करा. गरीब विद्यार्थ्यांस प्रशिक्षणकाळात निर्वाहवेतन द्या.

वाचकहो, केवळ मागणी करून थांबू नका. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सभासद पालक असतात, हा तुमचा कायदेशीर अधिकार आहे. पुढच्या सभेस जा आणि विचारा: आमच्या शाळेत अशी मुले किती? त्यांना शिकविण्यास पात्र शिक्षक किती? उत्तर लेखी मागा. मागे बसविलेल्या मुलासाठी, मागे बसविले जाण्याचे दुःख जाणणाऱ्यांनी उभे राहावयाचे नाही, तर कोणी?