ओल्या हाताची कसोटी

मुंबईतल्या मढच्या बंदरातून निघणाऱ्या मासेमारी बोटीवर आज दोन यंत्रं असू शकतात. एक तांडेलाच्या, म्हणजे बोटीच्या म्होरक्याच्या, खिशातला मोबाइल, दुसरं सरकारने मोफत बसवून दिलेलं ट्रान्सपॉन्डर. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरमध्ये पंतप्रधानांच्या हस्ते या योजनेची सुरुवात झाली. खर्च सुमारे ३६० कोटी रुपये, किनारी राज्यं आणि केंद्रशासित प्रदेश मिळून १३, आणि टप्प्याटप्प्याने एक लाख बोटी. इस्रोने घडवलेली ही पेटी उपग्रहाशी बोलते आणि ब्लूटूथने मोबाइलला जोडली जाते. हवामानाचा इशारा वाचायचा, किनाऱ्याला निरोप धाडायचा, तो ‘नभमित्र’ अ‍ॅपवरून. उपग्रह कितीही चोख चालला तरी शेवटचा हातभर रस्ता मोबाइलच्या काचेवरून जातो, आणि माझी काळजी त्या हातभर रस्त्याची आहे.

मोबाइलची बाजू लंगडी नाही. तो प्रत्येकाकडे आहे, वापरायची सवय आहे, मराठीत बोलतो, चूक सापडली तर अ‍ॅप सुधारता येतं. निव्वळ पेटीला हे जमत नाही. शिवाय आधी काय होतं तेही आठवावं. किनारा दहा-बारा किलोमीटर मागे पडला की मोबाइलची रेंज जाते. २०१७च्या ओखी वादळात खोल समुद्रातल्या कित्येक बोटींपर्यंत इशारा पोहोचलाच नाही. २०१९मध्ये आलेलं ‘जेमिनी’ यंत्र उपग्रहावरून इशारा देई, पण ते फक्त ऐकवणारं होतं. बोटीला काही सांगायचं असेल तर सोय नव्हती. आताची दुहेरी सोय ही मोठीच मजल आहे.

तरीही मढ-वेसाव्याची मासेमारी कशी चालते ते पाहा. ही डोलीची गावं. डोलीचं जाळं समुद्रात एका जागी बांधलेलं असतं आणि भरती-ओहोटीचा ओघ त्याच्या तोंडात मासळी लोटतो. ओघ मंदावून पाणी थबकतं, तेवढ्या थोड्या वेळात जाळं उचलावं लागतं. त्या वेळी बोटीवर एकही हात रिकामा नसतो, आणि प्रत्येक हात ओला, खारट, बोंबलाच्या चिकट पाण्याने माखलेला असतो. टचस्क्रीन बोटाच्या स्पर्शाने बदलणाऱ्या विद्युतभारावर चालतो. काचेवर खारं पाणी पसरलं की बोट कुठलं आणि थेंब कुठला, हे त्याला नीट कळत नाही. नेमक्या त्याच घटकेला आलेला इशारा कोण वाचणार? म्हणून गंभीर इशाऱ्याचा आवाज इंजिनाच्या घरघरीवर चढणारा हवा आणि कोणीतरी ‘ऐकलं’ म्हणून दाबेपर्यंत तो थांबता कामा नये. पण रोजच्या जोरदार वाऱ्याच्या सूचनेलाही तोच भोंगा वाजू लागला, तर महिन्याभरात तांडेल तो बंद करून टाकेल. त्यात दोष त्याचा नसेल.

काचेवर किती विसंबायचं, याचा धडा अमेरिकी आरमाराने फार महागात घेतला. ऑगस्ट २०१७मध्ये सिंगापूरजवळ ‘जॉन एस. मॅकेन’ ही विनाशिका तेलवाहू जहाजाला धडकली आणि १० नौसैनिक गेले. सुकाणू आणि वेग यांचा ताबा टचस्क्रीनवरून एका जागेवरून दुसरीकडे देताना गोंधळ झाला होता. २०१९मध्ये आरमाराने वेगासाठी पुन्हा हाताने ढकलायचे दांडे बसवायचं ठरवलं.

म्हणून संकटाचा निरोप देण्यासाठी बोटाला चाचपून सापडेल असं खरंखुरं बटण हवं, असं माझं ठाम मत आहे. विरुद्ध बाजूही हलकी नाही. असं बटण जाळ्याच्या दोरीने, कोणाच्या कोपराने दाबलं जातं. खोट्या हाका वाढल्या की तटरक्षक दलाचं धावणं वाया जातं आणि खऱ्या हाकेकडे संशयाने पाहिलं जातं. हवाईत १३ जानेवारी २०१८ रोजी क्षेपणास्त्र येत असल्याचा इशारा लोकांच्या मोबाइलवर चुकून गेला. तो खोटा असल्याचं कळवायला ३८ मिनिटं लागली. तेव्हा बटणावर झाकण हवं, काही क्षण दाबून धरायला लागावं, आणि चुकून गेलेली हाक तांडेलाला स्वतः लगेच मागे घेता यावी.

याहून मोलाची मला पोचपावती वाटते. इस्रोचं जुनं संकटसूचक यंत्र, ‘डॅट’, २०१०पासून वापरात आहे. त्यातून हाक जाई, पण ती कोणी ऐकली का, हे बोटीला कळत नसे. नव्या आवृत्तीत उलट पोच येते. बुडत्या बोटीवरच्या माणसाने धीर धरायचा की उडी मारायची, हे ठरवायला ती पोचच उपयोगी पडते. ती अक्षरांत नको, दिव्यात आणि आवाजात हवी. आज अनेक बोटींवरचे खलाशी परप्रांतातले असतात, आणि तांडेलच जायबंदी झाला तर मराठी न वाचणाऱ्याच्या हातात पेटी येणार आहे.

उरतो प्रश्न पाळतीचा. २००८मध्ये ‘कुबेर’ या मासेमारी बोटीतून अतिरेकी मुंबईकडे आले, तेव्हापासून प्रत्येक बोट कुठे आहे हे कळावं, ही सुरक्षा यंत्रणांची मागणी रास्त आहे. पण मासळीची जागा हे तांडेलाचं पिढीजात भांडवल असतं, आणि ती भलत्याच्या हाती जाण्याचं त्याचं भयही तितकंच खरं आहे. आपल्याला कोण पाहतं आहे हे दिसलं नाही, तर काही जण पेटीची वायर काढून ठेवतील, आणि वादळात त्यांचीच बोट सापडणार नाही. आपली जागा या घडीला कोणत्या कार्यालयाला दिसते आणि तिची नोंद किती दिवस राहते, हे तांडेलाला पहिल्याच स्क्रीनवर दिसलं पाहिजे. मत्स्यव्यवसाय खात्याने पुढच्या पेट्या बसवण्याआधी मढमधल्या दहा-बारा तांडेलांना उधाणाच्या दिवसांत, जाळं उचलतानाच, ही यंत्रं वापरायला द्यावीत आणि घडवणाऱ्या अभियंत्यांनी त्यांच्यासोबत बोटीवर जावं.