कॉपीची पदवी आणि रयतेचे पोर

परीक्षेचा हंगाम आला की केंद्राजवळच्या झेरॉक्सच्या दुकानांवर झुंबड उडते. गाईडाची पाने बारीक करून खिशात मावतील अशा चिठ्ठ्या निघतात, त्या वर्गात पोचतात, आणि पुढे निकालाचा डांगोरा पिटला जातो. कॉलेजांतही हा प्रकार चालतो, आणि पोराच्या पदरात पदवी पडली म्हणून पुष्कळ पालक समाधान मानितात. त्यांना आमचा रोखठोक सवाल आहे: या व्यवहारात नागवला कोण गेला?

ज्याच्या घरी पेढी आहे, वरपर्यंत ओळखी आहेत, त्याच्या मुलाचे पदवीवाचून अडत नाही. कुणब्याच्या पोराजवळ विद्येखेरीज दुसरे भांडवल कोणते? शिवाय एका केंद्राची अब्रू गेली की तेथील सर्वांचेच कागद संशयित ठरतात. रात्री जागून अभ्यास केलेल्याचाही. म्हणजे कॉपी करणारा सरकारला फसवीत नाही, शेजारच्या बाकावरील आपल्याच भावाचे चोरतो.

वरिष्ठ शिक्षणावर खर्च होणारा पैसा रयतेच्या घामाचा आहे, हे जोतीराव फुल्यांनी 1882 साली हंटर कमिशनपुढे बजावून सांगितले. 1919 साली रयत शिक्षण संस्था काढणाऱ्या भाऊराव पाटलांनी गरिबांच्या मुलांना अंगमेहनतीने कमावून शिकण्याची वाट दाखविली. कष्टाने उघडलेल्या या दारातून चिठ्ठी घेऊन आत शिरणे म्हणजे कृतघ्नपणा होय.

कायदे नाहीत असे मुळीच नाही. महाराष्ट्रात परीक्षांतील गैरप्रकारांविरुद्ध 1982 चा कायदा आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या नियमांप्रमाणे प्रबंधात 60 टक्क्यांहून अधिक मजकूर उचललेला आढळल्यास विद्यार्थ्याची नोंदणीच रद्द होते. परंतु कायदा पहारा करील, विद्या देणार नाही. भरारी पथक येते घटकाभर. वर्ग चालतो वर्षभर.

खरे मूळ तेथेच आहे. तेच ते प्रश्न फिरून येतात, गाईडातील उत्तराला पुरे गुण मिळतात, प्रात्यक्षिकाची वही न वाचता तिच्यावर सही होते. आता तर मोबाईलातील यंत्र निबंधही लिहून देते. मग पोराने डोके का शिणवावे? निकालाची टक्केवारी जाहिरातीत छापणाऱ्या संस्थाचालकांनी याचे उत्तर द्यावे.

आमच्या मते उपाय सोपा आहे. प्राध्यापकांनी प्रत्येकाला त्याच्याच वहीवर पाच मिनिटे तोंडी विचारावे. आपल्या गावच्या विहिरींचे पाणी का आटले, ग्रामपंचायतीचा पैसा कशावर खर्च झाला, असे प्रश्न घालावे. त्यांची उत्तरे कोणत्याही गाईडात नाहीत. आम्ही प्राथमिक शिक्षकांनीही शेजाऱ्याचे पाहून बरोबर आलेल्या गणितापेक्षा स्वतः करून चुकलेल्या गणिताची कदर करावी. खोड लहानपणीच मोडते.

आणि विद्यार्थी बंधुभगिनींनो, नापास झालेला पुन्हा परीक्षेस बसू शकतो. पण कॉपीने पास झालेला मास्तर वर्गात पाऊल टाकील तेव्हा त्याच्यासमोर तुमचीच धाकटी भावंडे बसलेली असतील. त्यांना तो काय शिकविणार?