साइटवरची माती साइटवरच राहू द्या



आम्ही आंबिल ओढ्याच्या काठचे रहिवासी. हा ओढा कात्रजच्या डोंगरात उगम पावतो, पेशवेकालीन तलावांतून उतरतो आणि पद्मावती, अरण्येश्वर, दांडेकर पूल करत दत्तवाडीजवळ मुठेला मिळतो. २५ सप्टेंबर २०१९च्या रात्री त्याला आलेला पूर आम्ही पाहिला आहे. त्या रात्री पुणे शहर-जिल्ह्यात वीसहून अधिक माणसे गेली. पाऊस अफाट होता, हे खरेच. पण सकाळी पाणी ओसरले तेव्हा घराघरांत गुडघाभर गाळ साचला होता. धान्याच्या डब्यात, शिलाई मशीनच्या चाकात, मुलांच्या दप्तरात, सगळीकडे लाल मुरूम. आमच्या वस्तीत मुरूम नाही. तो वरच्या अंगाने आला होता.

म्हणून हे पत्र वरच्या अंगाला राहणाऱ्यांना, बांधणाऱ्यांना आणि तिथे घर घेऊ पाहणाऱ्यांना आहे.

उन्हाळ्यात आपल्याकडे बांधकामाला जोर चढतो. पोकलेन येते, डोंगराची कड कापली जाते, गवताची साय निघते आणि खालचा भुसभुशीत मुरूम उघडा पडतो. कुसळीचे, मारवेलचे गवत असते तोवर पावसाचा थेंब पात्यावर फुटतो, मुळाशी जिरतो, उरलेले पाणी सावकाश उतरते. गवत गेले की तोच थेंब मातीवर आपटतो, माती सुटते आणि पाणी तिला घेऊन पळते. एका एकरावर ५० मिलिमीटर पाऊस पडला तर ते सुमारे दोन लाख लिटर पाणी होते, म्हणजे दहा हजार लिटरचे वीस टँकर. उतारावर पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याची ताकद चौपट होते. एवढे पाणी तासाभरात एका उघड्या प्लॉटवरून खाली सुटले तर पत्र्याचे कुंपण त्याला काय अडवणार? वाहून आलेली माती पावसाळी गटाराच्या चेंबरमध्ये बसते, पुलाच्या मोऱ्या बुजवते, ओढ्याचा तळ वर उचलते. पुढच्या पावसात त्याच ओढ्यात पहिल्याइतके पाणी मावत नाही.

हे नुसते अंदाज नाहीत. ६ जून २०१३ला कात्रजच्या नव्या बोगद्यापलीकडे, शिंदेवाडीजवळ, महामार्गावर आलेल्या लोंढ्यात एक आई आणि तिची चिमुरडी वाहून गेली. वर डोंगर फोडला होता, पाण्याची नैसर्गिक वाट बुजवली होती. २९ जून २०१९ला मध्यरात्रीनंतर कोंढव्यात एका सोसायटीची भिंत शेजारच्या बांधकामावरच्या मजुरांच्या खोल्यांवर कोसळली. १५ जण झोपेतच गेले, त्यांत लहान मुलेही होती. तीनच दिवसांनी आंबेगावात दुसरी भिंत पडली, आणखी ६ मजूर गेले. आपली घरे बांधायला शेकडो मैलांवरून आलेली ही माणसे होती.

बिल्डर आणि कंत्राटदार मित्रांनो, आमचा बांधकामाला विरोध नाही. मागणी एवढीच, की पहिला पाऊस येण्याआधी साइट पावसासाठी तयार करा. सर्वांत आधी माथ्याकडच्या बाजूला उताराला आडवा चर काढा, म्हणजे डोंगराचे पाणी उकरलेल्या मातीत न शिरता बाजूने ओढ्याकडे जाईल. हे एक काम झाले की निम्मी लढाई जिंकली, असे आमचे मत आहे. कारण साइटवर पडणारा पाऊस थोडा असतो, वरून येणारे पाणी खूप. खालच्या अंगाला गाळाचा खड्डा घ्या. त्यात पाणी थांबेल, गाळ तळाशी बसेल, वरचे निवळ पाणी पुढे जाईल. खड्डा निम्मा भरला की उपसावा लागतो. उपसला नाही तर तो असून नसल्यासारखा. खालच्या हद्दीवर कापडाचे कुंपण उभे करायचे असेल तर त्याची खालची कड वीतभर मातीत गाडा, नाहीतर पाणी त्याखालून निघून जाते. मातीचे ढीग ओढ्याकाठी किंवा भिंतीला टेकून रचू नका, ताडपत्रीने झाका. गेटपाशी खडीचा पट्टा टाका आणि डंपरची चाके धुऊनच रस्त्यावर सोडा. आणि ज्या जागेवर लगेच काम नाही तिथले गवत काढूच नका. त्याला काहीच खर्च नाही.

मजुरांच्या खोल्या भिंतीखाली, कापलेल्या कड्याखाली किंवा खोदाईच्या कडेला नकोत. याबाबतीत कोणतीही अडचण ऐकून घ्यायची आमची तयारी नाही.

यातले काहीही नवे नाही. धनकवडी-कात्रजमधल्या कितीतरी घरांची भोर, वेल्हे, मुळशीत अजून भातखाचरे आहेत. आपल्या आज्याने उतारावर ताली घातल्या, दरवर्षी जूनआधी फुटका बांध सांधला. घाटापलीकडे पुरंदरमध्ये नायगावला १९७२च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी देवस्थानची ४० एकर उजाड माळजमीन कराराने घेतली, बांधबंदिस्ती करून तिथेच पाणी अडवले आणि त्यातून पाणी पंचायत उभी राहिली. माथ्यापासून पायथ्याकडे काम करायचे, हा पाणलोटाचा नियम गावोगावच्या शेतकऱ्याला पाठ आहे. अर्ध्या एकराच्या शेतात माती धरून ठेवणाऱ्याकडून आपण जी शिस्त अपेक्षितो, ती कोट्यवधींच्या प्रकल्पाकडून मागायला संकोच कशाला?

सोसायट्यांच्या अध्यक्ष-सचिवांना विनंती, की या आठवड्यात आपल्या वरच्या बाजूला कुठे खोदाई चालू आहे ते स्वतः जाऊन पाहा. तारखेसह फोटो काढा. आधी साइटच्या सुपरवायझरशी बोला. बऱ्याचदा त्याला खालच्या वस्तीत काय होते याची कल्पनाच नसते, आणि समजावून सांगितले की तो चर काढून देतो, हा आमचा अनुभव आहे. ऐकले नाही तर क्षेत्रीय कार्यालयात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. परवानगीशिवाय मुरूम उपसला जात असेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ खाली तहसीलदार कारवाई करू शकतात. १:५ पेक्षा तीव्र डोंगरउतारावर बांधकामाला मनाई आहे, हेही लक्षात असू द्या. स्वतःचा बंगला किंवा एखादी खोली वाढवणाऱ्यांनाही हेच सांगणे आहे: राडारोड्याचा एक टेम्पो ओढ्यात रिकामा झाला तरी तो खाली कुणाच्या तरी दारात येतो.

फ्लॅट बुक करणाऱ्यांचा शब्द तर सर्वांत जड. आमच्या दहा अर्जांनी होत नाही ते तुमच्या एका प्रश्नाने होते. साइट पाहायला जाल तेव्हा जिम आणि क्लब हाउस पाहण्याआधी एवढे विचारा, की पावसाळ्यात इथली माती कुठे जाते? गाळाचा खड्डा दाखवा म्हणा. मजूर कुठे झोपतात तेही पाहून या.

जूनची वाट पाहू नका. वळीव मे महिन्यातच गाठतो, आणि २०२५ साली तर मोसमी पाऊस २६ मेलाच पुण्यात पोचला होता. चर काढायला जेसीबीला एक दिवस पुरतो. तो दिवस या आठवड्यातला असू द्या.

आपले,
आंबिल ओढ्याकाठचे रहिवासी